शॉक भरावा की बदलावा? : एका जुन्या फियाटचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या दुरुस्तीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्वाल्हेरला मामांकडे राहत असताना जो प्रश्न समोर आला, तो निम्मा यंत्राचा आणि निम्मा हिशेबाचा होता. निम्म्यावर तरी माझा अधिकार पोहोचतो. उरलेला निम्मा मी एका मिस्त्रीजवळ उकिडवा बसून शिकलो.

मामा राहतात लष्कर भागात, इंदरगंजला. त्यांच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. नाव पद्मिनी असले तरी घरात आणि गल्लीत तिला सारे फियाटच म्हणतात. तिच्या मागच्या चाकांचे शॉक ॲब्सॉर्बर पुन्हा तेल घालून 'भरून' घ्यावेत की नवे बसवावेत, एवढाच वाद. पण तो आठ दिवस चालला.

प्रसंग असा. शिंदे की छावणीकडून इंदरगंज चौकाकडे आम्ही परत येत होतो. वेग फार तर ताशी पस्तीस किलोमीटर. रस्त्याचा एक तुकडा खोदून घाईघाईने बुजवलेला, त्यामुळे त्यावर लाटा उठलेल्या. तेवढ्यात एक दूधवाला सायकलवरून आडवा आला. मामांनी ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली घातले, मागची बाजू वर उचलली गेली आणि मागचे एक चाक तडतड उड्या मारू लागले. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि सायकल यांच्यात हातभर अंतर उरले होते. दूधवाल्याने जे सुनावले ते या अंकात छापता येणार नाही, पण त्याचे चुकले असे मला वाटत नाही.

घरी आल्यावर मामा म्हणाले, "ब्रेक पुन्हा दाखवले पाहिजेत." ब्रेकचे लायनर दीड महिन्यापूर्वीच बदललेले होते. मी शॉकचे नाव काढले तर ते म्हणाले, "अरे, शॉकर तर चार महिन्यांपूर्वी भरवलेत. हे बघ." असे म्हणून त्यांनी डिकीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडला. गाडी वर आली आणि थांबली. पुस्तकात सांगितलेली परीक्षा हीच. गाडी तीत उत्तीर्ण झाली होती. मग चाक उड्या का मारत होते? या प्रश्नाचे उत्तर हाच या लेखाचा गाभा आहे. परंतु त्याआधी ही वस्तू काय काम करते ते पाहिले पाहिजे.

आपल्याकडे गॅरेजात तिला शॉकॉप्सर किंवा नुसता शॉक म्हणतात, ग्वाल्हेरीस 'शॉकर', आणि मराठी पुस्तकांत 'धक्काशोषक'. या सर्व नावांत एकच चूक आहे. धक्का शॉक शोषत नाही. धक्का घेते ती स्प्रिंग, किंवा मागच्या बाजूला पाटे. चाक खड्ड्यात गेले वा दगडावर चढले की पाटे वाकतात आणि धक्का पोटात घेतात. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की घेतलेले ती परत देते. वाकलेला पाटा सरळ होतो, सरळ होताना पुढे जातो, पुन्हा वाकतो. म्हणजे एका खड्ड्याचे दहा हेलकावे होतात. हे हेलकावे मारणे, एवढेच शॉकचे काम. इंग्रज अभियंते त्याला 'डॅम्पर' म्हणतात ते अधिक खरे.

मामांच्या मिस्त्रीने (ग्वाल्हेरात उस्ताद म्हटले की आधी गवई आठवतो, पण तिकडे गॅरेजातल्या जाणत्या माणसालाही उस्तादच म्हणतात) हीच गोष्ट तीन शब्दांत सांगितली: "गाड़ी झूला है।" परत आल्यावर कन्नड विभागातल्या माझ्या मित्राला हे सांगितले तर तो म्हणाला, आमच्याकडे 'जोकाली' म्हणतील. झूला, झोका, जोकाली, तिन्ही भाषांत उपमा तीच राहते, आणि ती अगदी नेमकी आहे. झोक्याला एक धक्का दिला की तो बराच वेळ हलत राहतो. थांबवायचा तर बसलेला मूल पाय जमिनीला घासते. प्रत्येक फेरीत थोडी गती घासण्यात जाते आणि झोका थांबतो. पाय घासले नाहीत तर झोका थांबत नाही, आणि एकदम रोवले तर मूल तोंडावर पडते. शॉक फार सैल किंवा फार कडक असला तर गाडीचे असेच होते.

पाय घासण्याची ही युक्ती मोटारींनी शब्दशः उचलली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील ट्रुफो आणि अमेरिकेतील हार्टफर्ड यांनी जे शॉक प्रचारात आणले त्यांत एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या असत, आणि मध्ये एक नट. शॉक ढिला झाला की मालकाने पाना घेऊन नट आवळायचा, झाली दुरुस्ती. त्या काळी रस्ते कसे असतील याची कल्पना आपल्या भागातल्याच एका घटनेवरून येते. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. सह्याद्रीच्या घाटांतून सहाशेवर मैलांची. तीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची एक रोल्स-रॉइस उतरली होती, आणि पुढे ही गाडी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याकडे गेली. कोल्हापूरच्या रस्त्यावर सिद्ध होऊन ग्वाल्हेरला नांदायला गेलेली ती मोटार. माझ्या मामींचे माहेरही कोल्हापूर असल्यामुळे ही गोष्ट त्यांना फार आवडली. महाराजांना गाड्यांची आणि आगगाड्यांची हौस इतकी की जयविलास महालातील जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी फिरते. तिला मात्र शॉक लागत नाहीत, कारण तिच्या वाटेवर नगरपालिका खोदकाम करीत नाही.

चकत्यांच्या शॉकमध्ये एक दोष होता. घासण्याचा विरोध हळू हालचालीलाही तेवढाच आणि वेगवान हालचालीलाही तेवढाच. लहान खडबडीवर तो उगाच ताठ राही, मोठ्या खड्ड्यात अपुरा पडे. यावर उपाय म्हणून तेल आले. पाण्यात हात हळू फिरवला तर पाणी वाट देते, जोरात फिरवला तर अडवते. द्रवाचा हा गुण वापरून फ्रान्समधील मॉरिस उदाय याने तेलाचा शॉक बनवला, आणि १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल ए' मुळे तो सामान्य गाडीतही पोहोचला. नंतरच्या मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत दांडीचे शॉक होते: एक ओतीव डबी, तिच्यात तेल, बाहेर एक दांडी. डबीला बूच असे. बूच उघडा, तेल घाला, बंद करा.

मामांच्या फियाटला चारही चाकांना आहेत ते यानंतरच्या जातीचे, दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे. आत एक नळी, तिच्यात तेल, तेलात दट्ट्या. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा. चाक वर-खाली झाले की दट्ट्याला तेलातून जबरदस्तीने वाट काढावी लागते. बाहेरची दुसरी नळी जास्तीचे तेल साठवते, कारण दांडी आत शिरली की तेवढे तेल बाजूला व्हावे लागते. बहुतेक शॉक दाबताना नरम आणि ओढताना कडक असतात: खड्ड्याचा घाव पाट्याला घेऊ द्यायचा, पण उसळी धरून ठेवायची. हेलकाव्याची सारी शक्ती तेलात उष्णता होऊन निघून जाते. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे कामास येणार आहे.

मात्र या शॉकला नट नाही आणि बूचही नाही. तो कारखान्यातूनच तोंड बंद करून येतो. म्हणजे तीस-चाळीस वर्षांत दुरुस्तीचा पाना मालकाच्या हातून निघून कारखानदाराच्या हातात गेला. यात निव्वळ लबाडी नाही. बंद शॉक अधिक चांगला चालतो, त्यात धूळ शिरत नाही. पण व्यापाराच्या दृष्टीने पाहता 'दुरुस्ती' या सेवेच्या जागी 'बदली' ही वस्तू आली, आणि आपल्यासारख्या देशात ती वस्तू बनवणे हा एक स्वतंत्र उद्योग झाला. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईत मुलुंडला सुरू झाली. पुढे तिचा एक कारखाना मध्य प्रदेशात देवासलाही निघाला. (गॅब्रिएल हे नाव देवदूताचे. मूळ अमेरिकन कंपनी आधी मोटारीचे भोंगे बनवीत असे, आणि बायबलमधला देवदूत कर्णा वाजवतो, म्हणून.) फियाट बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीची कथा तर आपल्या अधिक जवळची. १९४४ मध्ये ती काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी २००० सालच्या सुमारापर्यंत बाहेर पडत होती. परवान्यांच्या त्या काळात गाडी मिळायलाच वर्षे लागत, त्यामुळे मिळालेली गाडी जन्मभर दुरुस्त करीत राहायची ही सवय आपल्या वडीलधाऱ्यांना लागली. मामा त्याच पिढीचे.

म्हणून मग बंद शॉकलाही तोंड फोडण्याची विद्या आपल्या गल्ल्यांतून निर्माण झाली. लेथवर शॉकचे डोके कापायचे, जुने ऑइल सील काढून नवे घालायचे, दांडी घासून चकचकीत करायची, तेल भरायचे आणि पुन्हा आटे पाडून किंवा वेल्डिंग करून तोंड बंद करायचे. यालाच 'शॉक भरणे' म्हणतात. मामांनी चार महिन्यांपूर्वी एका दुकानातून हेच करून घेतले होते.

आता पुन्हा त्या उड्या मारणाऱ्या चाकाकडे येऊ. उस्तादांनी कोपरा दाबण्याची परीक्षा पाहिलीही नाही. ते गाडी घेऊन गेले, सहा-सात किलोमीटर खराब रस्त्याने फिरवून आणली, इंजिन बंद केले, गाडीखाली हात घालून आधी डाव्या शॉकला लावला, मग उजव्या. मग मला म्हणाले, तू लाव. डावा शॉक कोमट होता. उजवा थंडगार.

वर सांगितलेले वाक्य येथे कामास आले. काम करणारा शॉक हेलकाव्यांची उष्णता करतो, म्हणून तो तापलाच पाहिजे. थंड शॉक म्हणजे रिकामटेकडा शॉक. सायलेन्सरच्या नळीजवळचा शॉक उगाच गरम लागतो आणि हात भाजण्याचीही भीती असते, एवढी काळजी घेतली तर यापेक्षा स्वस्त परीक्षा नाही.

मग कोपरा दाबल्यावर गाडी निमूट का थांबली? कारण गाडीत हेलकावे दोन प्रकारचे असतात. एक गाडीच्या शरीराचा: तो संथ, सेकंदाला एक ते दीड. दुसरा चाक आणि आस यांचा, म्हणजे पाटे आणि टायर यांच्यामध्ये चाकच जे थरथरते त्याचा: तो सेकंदाला दहा-बारा. हाताने दाबून आपण फक्त पहिला हेलकावा पाहतो. त्यातून मामांच्या गाडीचे मागचे पाटे चाळीस वर्षांचे, गंजलेले. पाट्यावर पाटा घासून तेच झोक्याच्या पायाचे काम करीत होते. डावा शॉकही थोडाफार जिवंत होता. त्यामुळे शरीर शांत राहिले. पण चाकाची थरथर गंजलेल्या पाट्यांना आवरत नाही, तिला शॉकच हवा. ब्रेक लावला, रस्त्यावर लाटा आल्या, उजवे चाक थरथरू लागले. आणि थरथरणारे चाक प्रत्येक सेकंदात कित्येकदा रस्ता सोडते किंवा त्यावर नुसते टेकते. जे चाक रस्त्यावर नाही त्याला ब्रेक लावून काय उपयोग? ब्रेक चांगले असूनही गाडी लांब गेली ती अशी.

येथे दुसरीही एक गोष्ट घडत असते, ती मनाची. शॉक एका दिवसात जात नाही, तो महिन्यामहिन्याने सैल होतो, आणि चालवणारा महिन्यामहिन्याने त्याला सरावतो. वर्षभराने गाडीत बसलेल्या मला ती होडीसारखी वाटली. आठवड्यातून तीनदा ती चालवणाऱ्या मामांना काहीच वाटले नाही. त्यामुळे "मला तर ठीक वाटते" या मालकाच्या साक्षीला या प्रकरणात काडीची किंमत नाही. टायर मात्र खोटे बोलत नाही. हाताचा तळवा टायरवरून फिरवला तर गोलाईत ठिकठिकाणी खळगे लागले: थरथरणारे चाक जेथे आपटते तेथे झिजते. मामांनी मागच्याच वर्षी 'टायर हल्ली टिकत नाहीत' अशी तक्रार करीत एक टायर बदलला होता. तो खर्च टायरच्या खात्यात गेला. वास्तविक तो शॉकच्या खात्यातला होता.

उजवा शॉक काढून कापला तेव्हा आत निघाले ते काळे, पातळ, जळक्या वासाचे तेल, आणि तेही निम्म्याहून कमी. म्हणजे इंजिनातून काढलेले जुने तेल भरले होते. ते ज्या दुकानात भरले त्याचे नाव मामांनी सांगितले नाही आणि मलाही नको आहे. पण यातून 'भरलेला शॉक वाईट' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उस्ताद स्वतः शॉक भरतात, आणि त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. तेल शॉकचेच हवे. ग्वाल्हेरीस मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जानेवारीच्या रात्री पाचाच्या खाली येऊ शकतो. कोणतेही तेल घातले तर उन्हाळ्यात त्याचे पाणी होते आणि थंडीत मध. दांडीवर बोटाचे नख फिरवून ते कोठे अडते का पाहायचे. गंजाचा एक खड्डा जरी असला तरी तो नवे सील कापून काढणार, तेव्हा अशी दांडी भरण्याच्या लायकीची नाही. आणि तेल मापून घालायचे. ही मापाची गोष्ट मला विशेष पटली, कारण ती गणिताने दाखवता येते. समजा दांडी १२ मिलिमीटर जाडीची आहे आणि १५० मिलिमीटर आत जाते. तिने व्यापलेली जागा साधारण १७ घन सेंटिमीटर होते. तेवढी मोकळी जागा आत ठेवली नाही तर दांडी पूर्ण शिरताना तेलाला जायला ठाव नाही; सील फुटते. उलट तेल कमी पडले तर दट्ट्या हवेत चालतो, तेलाचा फेस होतो, आणि फेसातून दट्ट्या विनासायास सरकतो. डोळ्याच्या अंदाजाने भरणारा माणूस या दोहोंपैकी एक करतोच.

वायू भरलेले नव्या प्रकारचे शॉक येतात ते मात्र कोणीही कापू नयेत, त्यांना वेल्डिंगची ज्योत तर मुळीच दाखवू नये. आत दाब असतो. येथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे.

आता हिशेब. माझे पहिले उत्तर पाठ्यपुस्तकी होते: किंमत पाहू नये, किलोमीटरमागे खर्च पाहावा. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत, वाचकाने आपल्या गावचे भाव घालावेत. समजा एक शॉक भरण्यास ६०० रुपये आणि नव्यास १,६०० रुपये पडतात, आणि जोडी बसवण्याची मजुरी ४०० रुपये. भरलेली जोडी १,६०० रुपयांना पडली आणि ८,००० किलोमीटर चालली तर दर हजार किलोमीटरला २०० रुपये. नवी जोडी ३,६०० रुपयांना पडली आणि ४०,००० किलोमीटर चालली तर दर हजाराला ९० रुपये. निकाल लागला, असे मी मामांना ऐटीत सांगितले.

मामांनी चष्मा वर करून विचारले, "आपली गाडी वर्षाला किती चालते?" फार तर दोन हजार किलोमीटर. म्हणजे नव्या जोडीचे चाळीस हजार किलोमीटर संपायला वीस वर्षे लागणार. पण रबराची बुशे आणि सील उभ्या गाडीतही म्हातारी होतात. समजा नवी जोडी आठ वर्षांत वयाने गेली, तर तिच्याकडून फक्त १६,००० किलोमीटर मिळाले: हजाराला २२५ रुपये. भरलेली तीन वर्षे टिकली तर ६,००० किलोमीटर: हजाराला सुमारे २६७. वर्षाला फरक पडला सुमारे त्र्याऐंशी रुपयांचा. कमी चालणाऱ्या गाडीत माल किलोमीटरने संपत नाही, वर्षांनी संपतो, ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. टॅक्सीचा हिशेब आणि हौशी मालकाचा हिशेब एक नव्हे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज धावत, त्यांना नवा शॉक उघडउघड स्वस्त पडला असता. त्या टॅक्सींपैकी शेवटच्या गाडीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. मला वाटते, त्यांच्याबरोबर सुट्या भागांचे एक मोठे गिऱ्हाईकही गेले, आणि 'नवा घ्या' हे म्हणणे दिवसेंदिवस सोपे राहणार नाही.

खर्च महसुली की भांडवली, हा आम्हा वाणिज्यवाल्यांचा आवडता वादही मी उकरून काढला. भरणे ही दुरुस्ती म्हणून महसुली, आणि नवा शॉक ही नवी वस्तू म्हणून भांडवली, असे वरवर वाटते. ते बरोबर नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ३१ व्या कलमातील 'चालू दुरुस्ती' या शब्दांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने सरवण स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात (२००७) कसोटी अशी धरली, की खर्च असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी झाला की नवी मालमत्ता आणण्यासाठी. शॉक म्हणजे स्वतंत्र यंत्र नव्हे, गाडीचा अवयव. तो भरला काय नि बदलला काय, गाडी होती तेथेच राहते. दोन्ही महसुली. मामांची गाडी धंद्याची नसल्यामुळे त्यांना या विवेचनाचा काडीचा उपयोग झाला नाही. विद्यार्थ्यांना परीक्षेत होईल.

मामींचा पक्ष तिसराच होता. त्या म्हणाल्या, "शॉक कशाला, गाडीच बदला. मेळ्यात करात सूट मिळते." हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात अलीकडे काही वर्षे वाहनकरात निम्मी सूट दिली गेली आहे, आणि त्यामुळे मेळ्यात गाड्यांची गर्दी उसळते. उलट जुन्या गाडीवर सरकारची मर्जी नाही: ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये केले. २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय झाली खरी, पण ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना, आणि त्या गाड्या रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाहीत. १९८४ ची पद्मिनी ना नवी, ना व्हिंटेज. मामांनी यावर एकच वाक्य उच्चारले: "हिला मी मोडीत घालणार नाही." तेव्हा मामी म्हणाल्या, "मग निदान ती थांबेल असे तरी करा." वादाचा निकाल खरे तर या वाक्याने लागला. त्र्याऐंशी रुपयांचा फरक एका पारड्यात आणि तो दूधवाला दुसऱ्यात. भरलेल्या शॉकमध्ये काय आहे हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि कळले तेव्हा चार महिने उलटून गेले होते. माझे मत असे झाले, की नवा मिळत असेल तर नवाच घ्यावा; मिळत नसेल तर आपल्यासमोर, मापून भरून घ्यावा.

नवी जोडी मिळायला सहा दिवस लागले. मधल्या काळात एका दुकानदाराने दुसऱ्याच गाडीचा शॉक 'बसून जाईल' म्हणून पुढे केला. उस्तादांनी जुन्या शॉकची मिटलेली आणि ताणलेली लांबी दोरीने मोजली होती. ती जुळेना, म्हणून परत केला. मिटलेली लांबी जास्त असली तर मोठ्या खड्ड्यात पाट्याआधी शॉकच तळाला लागतो. ताणलेली कमी असली तर चाक खाली जाताना शॉकच त्याला लटकवून धरतो आणि तुटतो.

बसवताना पाहिलेल्या चार गोष्टी सांगून थांबतो. शॉक नेहमी जोडीने बदलायचे. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला तर गाडी ब्रेकला वाकडी चालते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली उस्ताद गेले नाहीत. चॅसिसखाली ओंडके आणि पुढच्या चाकांना दगड लावूनच गेले. पुढच्या बाजूचे काम असते तर दाबलेली स्प्रिंग सुटून माणूस मरू शकतो, म्हणून तेथे खालच्या आडव्या हाताला जॅकचा आधार देऊनच शॉक काढायचा, असेही त्यांनी बजावले. नवा शॉक दुकानात आडवा पडलेला असतो, आतल्या नळीत हवा शिरते. म्हणून तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढायचा आणि दाबायचा, मधला पोकळ झटका नाहीसा होईपर्यंत. आणि बुशांचे नट गाडी हवेत असताना फक्त हाताने लावायचे. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत आवळले जाते आणि वर्षभरात फाटते. मामांनी मागच्या वेळी बुशांबद्दल केलेली तक्रार बहुधा यातलीच असावी.

संध्याकाळी त्याच रस्त्याने गेलो. बुजवलेला तुकडा अजून तसाच होता. मामांनी मागे कोणी नाही असे पाहून ब्रेक दाबला. तडतड ऐकू आली नाही. घरी आल्यावर त्यांनी दोन्ही शॉकना हात लावून पाहिला, मग मला लावायला सांगितला. दोन्ही सारखेच कोमट होते. मग त्यांनी पेट्रोलच्या वहीत मागच्या पानावर एक नवे खाते काढले: तारीख, किलोमीटर, 'मागील जोड नवी', आणि खाली टायरच्या खळग्यांसाठी एक रिकामा रकाना. तो दर सहा महिन्यांनी भरून मला पत्राने कळवायचे त्यांनी कबूल केले आहे.